मराठी ब्लॉगला ॲडसेन्सची मंजुरी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सह्याद्रीतल्या घाटवाटांवर लिहितो. ब्लॉगवर ॲडसेन्सच्या, म्हणजे गूगलच्या जाहिरात-सेवेच्या, जाहिराती दिसायला लागल्यापासून मात्र लोक वाटा विचारायचे कमी झाले आणि "ॲडसेन्स कसं मिळवलंत?" हेच जास्त विचारू लागले. प्रत्येकाला वेगळं उत्तर टाइप करून कंटाळलो, म्हणून सगळं इथे एकदाच लिहून ठेवतो. माझा पहिला अर्ज परत आला होता आणि दोष माझाच होता. तो कसा, ते पुढे येईलच.

ॲडसेन्समध्ये पैसे नेमके कोण देतं?

जाहिरातदार. पुण्यातला एखादा बूटविक्रेता गूगलला पैसे देतो आणि गूगल त्याची जाहिरात तुमच्या पानावरच्या रिकाम्या जागेत लावतं. कोणी पान उघडलं की त्या जागेचा डोळ्याचं पातं लवायच्या आत लिलाव होतो, आणि जिंकणाऱ्याची जाहिरात दिसते. हा उद्योग २००३ पासून चालू आहे.

वाटणीचा हिशोब असा. जाहिरातदार गूगलच्याच व्यवस्थेतून आला असेल तर शंभर रुपयांतले साधारण पंधरा आधी तिकडे कापले जातात. उरलेल्या पंच्याऐंशीतले ८० टक्के तुमचे, म्हणजे ६८ रुपये. पूर्वी पैसे मुख्यतः क्लिकवर मिळायचे, २०२४ पासून जाहिरात दिसण्यावर मिळतात. जुन्या व्हिडिओंमध्ये 'क्लिक वाढवा'चा जप अजून चालू असतो, तिकडे लक्ष देऊ नका.

निव्वळ मराठी ब्लॉग चालतो का?

चालतो. हिंदीला २०१४ च्या अखेरीस दार उघडलं, मराठीला २०१८ मध्ये. 'अर्जापुरत्या चार इंग्रजी पोस्टी टाका' हा सल्ला त्याआधीच्या काळातला आहे. आता तसं केलंत तर धड ना इंग्रजी, धड ना मराठी असा ब्लॉग दिसेल, एवढंच होईल.

मात्र मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या यंत्रांना सारखाच वाचता येणाऱ्या अक्षरपद्धतीत हवा. बऱ्याच जणांकडे जुनं लेखन श्रीलिपी, कृतिदेव किंवा शिवाजी फाँटमध्ये पडलेलं असतं. त्या फाँटात अक्षर डोळ्यांना 'क' दिसतं, पण यंत्राच्या लेखी ते भलतंच रोमन अक्षर असतं. पान तपासणाऱ्याला तिथे मराठी नव्हे, नुसती अक्षरांची भेळ दिसते. असं लेखन आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि मग डोळ्यांखालून घाला, कारण बदलताना जोडाक्षरं आणि रफार हमखास घसरतात. कवितेचा फोटो काढून चढवणाऱ्यांचीही हीच गत. चित्रातला मजकूर हा मजकूर म्हणून धरला जाईलच असं समजू नका.

किमान किती पोस्टी लागतात? रोज किती वाचक हवेत? डोमेन (ब्लॉगचा स्वतःचा पत्ता) किती जुनं हवं?

वीस, तीस, पन्नास असे आकडे सांगणाऱ्यांना विचारा की हे कुठे लिहिलंय. पोस्टींची किमान संख्या, शब्दसंख्या किंवा वाचकसंख्या अशी अट नियमांत नाही. डोमेनच्या वयाबद्दलची अफवा मात्र अगदी हवेतून आलेली नाही. एकेकाळी भारत आणि चीनसारख्या देशांतल्या संकेतस्थळांना सहा महिने पूर्ण झालेले असावेत, असं खरंच सांगितलं जायचं. ती अट गेली, तिची आठवण राहिली.

तरी पाच पोस्टींवर अर्ज करू नका, असं मी म्हणेन. नियम म्हणून नाही. पाच पोस्टींत ब्लॉग कशाबद्दल आहे हे लिहिणाऱ्यालाच ठरलेलं नसतं, तपासणाऱ्याला कुठून कळणार?

'लो व्हॅल्यू कंटेंट' असं उत्तर आलं. माझं लिखाण इतकं टाकाऊ आहे का?

सगळ्यात जास्त दुखावणारं उत्तर हेच, कारण 'तुमच्या मजकुराला किंमत नाही' असं ते ऐकू येतं. तपासणी भाषाशैलीची नसते. हे पान नसतं तर वाचकाचं काही अडलं असतं का, असा तो प्रश्न असतो.

माझंच उदाहरण घ्या. पहिल्या अर्जाच्या वेळी माझ्याकडे चाळीस किल्ल्यांची चाळीस पानं होती. हरिश्चंद्रगडाच्या पानावर काय होतं? तालुका अकोले, गडाची उंची, चढाईची श्रेणी, कोकणकड्याचं वर्णन, मंदिराचं वर्णन, पाचनईहून एक वाट आणि खिरेश्वरहून टोलार खिंडीमार्गे दुसरी. सगळं खरं होतं. पण हेच, जवळपास याच क्रमाने, आणखी शंभर ठिकाणी आहे. मीही तिथूनच वाचून लिहिलं होतं, नुसते शब्द बदलून.

नंतर ते पान पुन्हा लिहिलं. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात कुठल्या टाक्यातलं पाणी पिण्यासारखं होतं. टोलार खिंडीवरच्या रेलिंगच्या टप्प्यावर उंचीची भीती वाटणाऱ्या माझ्या मित्राने काय केलं. परतीची एसटी चुकल्यावर कसे आलो. उंची आणि तालुका खाली दोन ओळींत उरकले. चाळीसपैकी सतरा पानं अशी नव्याने लिहिली आणि उरलेली तेवीस काढून टाकली, कारण त्यातल्या काही गडांवर मी गेलोच नव्हतो. जीवावर आलं होतं, पण उडवली.

हेच इतर विषयांना लावून बघा. लाडकी बहीण योजनेचा शासन निर्णय जसाच्या तसा चिकटवलेली पानं ढिगाने आहेत. पण एखाद्या बाईचा अर्ज आधार बँक खात्याशी जोडलेलं नसल्याने अडकला, तर तिने कुठे जायचं आणि तिथे काय विचारतात, हे स्वतः करून लिहिलंत तर ते पान तुमचं. पाककृतीत 'चवीनुसार मीठ' सगळेच लिहितात. अळूवड्या तळताना का सुटतात हे तुमच्या आजीने सांगितलेलं कारण दुसरीकडे नसतं.

याच शेऱ्याखाली आणखी काही गोष्टी येतात: 'लवकरच येत आहे' असं लिहिलेली रिकामी पानं, मेन्यूत दिसणारे पण एकही पोस्ट नसलेले विभाग, एका परिच्छेदाच्या पोस्टी, आणि एकच माहिती गावाचं नाव बदलून पन्नास पानांवर.

संतांचे अभंग आणि जुन्या कविता टाकल्या तर? त्या तर सगळ्यांच्याच आहेत.

यात दोन प्रश्न एकात एक अडकलेत, ते सोडवू.

पहिला हक्कांचा. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर, मृत्यूचं वर्ष संपल्यापासून ६० वर्षं कॉपीराइट चालतो. तुकोबा, ज्ञानेश्वर यांच्याबाबत प्रश्नच नाही. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, त्यांचं हयातीत छापलेलं लेखन २०११ पासून मुक्त आहे. पण कुसुमाग्रज गेले १९९९ मध्ये आणि पु. ल. २००० मध्ये. त्यांच्या हक्कांना अजून काही दशकं आहेत. 'व्हॉट्सॲपवर आलं होतं' हा परवाना नव्हे, आणि खाली 'साभार' लिहिल्यानेही परवानगी मिळत नाही. त्यातही व्हॉट्सॲपवरच्या निम्म्या कविता ज्यांच्या नावावर फिरतात त्यांच्या नसतातच.

दुसरा प्रश्न मंजुरीचा, आणि इथे लोक फसतात. कायद्याने मुक्त असलेला अभंग टाकणं गुन्हा नाही, पण तोच अभंग हजार ठिकाणी आहे. नुसत्या अभंगांच्या ब्लॉगला पुन्हा तेच 'लो व्हॅल्यू'चं उत्तर येऊ शकतं. त्या अभंगातल्या जुन्या शब्दांचा अर्थ, तो तुमच्या गावच्या भजनात कुठल्या चालीत म्हणतात, कीर्तनात कशासाठी घेतात, असं काही सोबत असेल तर गोष्ट वेगळी.

चॅटजीपीटीकडून लिहून घेतलं तर चालेल का?

साधन वापरलं म्हणून पान बाद होत नाही. मात्र गूगलने मार्च २०२४ मध्ये शोधाच्या नियमांत घाऊक मजकूर निर्मितीविरुद्ध कलम घातलं. वाचकाला उपयोग नसलेली पानं ढिगाने काढणं हा त्यांच्या लेखी गैरप्रकार आहे, मग ती माणसाने काढलेली असोत की यंत्राने. माझं मत विचाराल तर यंत्र टोलार खिंडीत गेलेलं नसतं. इंग्रजी लेख यंत्राने मराठीत करून टाकणाऱ्यांची वाक्यं तर चार ओळींत ओळखू येतात.

ब्लॉगर घेऊ की वर्डप्रेस?

ब्लॉगर गूगलचाच आहे, फुकट आहे, आणि 'ब्लॉगस्पॉट' लागलेल्या मोफत पत्त्यालाही मंजुरी मिळू शकते. वर्डप्रेस घेत असाल तर नीट बघा: स्वतः होस्टिंग (ब्लॉग ठेवायची इंटरनेटवरची जागा) विकत घेऊन बसवलेलं वर्डप्रेस आणि वर्डप्रेस डॉट कॉमवरचा मोफत ब्लॉग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोफत ब्लॉगवर ॲडसेन्सचा कोड टाकता येत नाही.

स्वतःचं डोमेन घ्यावं असं मी सुचवतो, पण मंजुरीसाठी नव्हे. उद्या ब्लॉगरवरून हललात तर पत्ता तुमच्याबरोबर येतो.

कोणती पानं ठेवावीच लागतात?

गोपनीयता धोरण सक्तीचं. त्यात गूगलसारख्या इतर कंपन्या वाचकाच्या ब्राउझरमध्ये कुकी (वाचकाची नोंद ठेवणारी छोटी फाइल) ठेवतात, त्यावरून जाहिराती निवडतात आणि वाचक ते कसं बंद करू शकतो, एवढं स्पष्ट हवं. दुसऱ्याच्या ब्लॉगवरून उचलू नका. एका वाचकाच्या धोरणात मला सुरतच्या साडीच्या दुकानाचं नाव सापडलं होतं.

'माझ्याबद्दल' आणि 'संपर्क' ही पानंही ठेवा. कोण लिहितंय हे कळलेलं वाचकालाही बरं वाटतं.

वाचक लंडन-जर्मनीतही आहेत. काही वेगळं करावं लागतं का?

हो. युरोपीय देश आणि ब्रिटनमधल्या वाचकांना जाहिराती दाखवण्याआधी संमती विचारावी लागते, आणि ती गूगलने प्रमाणित केलेल्या संमती-व्यवस्थेतूनच. जानेवारी २०२४ पासून हे बंधन आहे, स्वित्झर्लंडसाठी त्याच वर्षीच्या जुलैअखेरीपासून. ॲडसेन्सच्या खात्यातच असा संदेश तयार करायची मोफत सोय आहे. परदेशातल्या मराठी मंडळांमध्ये तुमचा ब्लॉग वाचला जात असेल तर हे टाळू नका.

अर्ज नक्की कसा करायचा?

वय १८ पूर्ण हवं. नसेल तर आईवडिलांच्या नावाने खातं काढावं लागेल आणि पैसेही त्यांच्याच नावाने येतील. ॲडसेन्सवर खातं उघडा, ब्लॉगचा पत्ता द्या, मग मालकी सिद्ध करण्यासाठी एक कोड मिळेल तो थीमच्या 'हेड' भागात चिकटवा. ब्लॉगरवर 'कमाई' या विभागातून हेच थेट होतं. कोडऐवजी 'ॲड्स डॉट टीएक्सटी' नावाची छोटी फाइल ठेवूनही पडताळणी होते. तुमच्या जागेवर जाहिराती विकायचा हक्क कोणाला आहे, हे त्या फाइलमध्ये एका ओळीत लिहिलेलं असतं. एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी कमाई बुडते, म्हणून हाताने टाइप न करता कॉपी करा.

अर्ज पाठवायच्या आधी मोबाइलवर, दुसऱ्याच्या फोनवरून, लॉगिन न करता ब्लॉग उघडून बघा. ब्लॉगरच्या सेटिंगमध्ये 'सर्च इंजिनांना दिसू द्या' बंद राहिलेलं असणं आणि ब्लॉग खासगी असणं ही दोन कारणं इतकी साधी आहेत की कोणाच्या ध्यानात येत नाहीत.

उत्तर कधी येतं? नाकारलं तर?

बहुधा काही दिवसांत, कधी दोन ते चार आठवडे. दरम्यान लिहीत राहा. थीम मात्र रोज बदलत बसू नका.

नाकारलं तर पुन्हा अर्ज करता येतो. पण काहीही न बदलता दुसऱ्याच दिवशी बटण दाबणं म्हणजे न अभ्यासता पुन्हा परीक्षेला बसणं. कारण वाचा, दुरुस्ती करा, मग पाठवा. आणि नव्या ईमेलवरून दुसरं खातं काढायचा मोह आवरा. एका व्यक्तीला एकच खातं असा नियम आहे आणि दुसरं खातं हे स्वतःच नाकारण्याचं कारण ठरतं. यूट्यूबसाठी आधी खातं काढलं असेल तर तेच वापरा, त्यात ब्लॉग नव्याने जोडा.

दीड-दोन हजारांत मंजूर खातं विकत मिळतंय. घेऊ का?

नको. खातं हस्तांतरित करता येत नाही. त्यावर नाव विकणाऱ्याचं, ओळखपत्र विकणाऱ्याचं. शंभर डॉलर साठल्यावर ते कोणाच्या बँकेत जातील, याचा विचार करा.

पिन म्हणजे काय? तो येतच नाही.

खात्यात १० डॉलर जमले की पत्ता खरा आहे का हे बघायला सहा अंकी पिन साध्या टपालाने घरी येतो. दोन ते चार आठवडे धरा. चार महिन्यांत पिन भरला नाही तर जाहिराती थांबतात. तीन आठवड्यांत आला नाही तर नवा मागवता येतो.

माझा पहिला पिन हरवला, कारण पत्त्यात मी सोसायटीचं नाव लिहिलं आणि विंग लिहायला विसरलो. आमच्याकडे चार विंग आहेत आणि माझ्याच आडनावाचे तीन जण. खेड्यात राहत असाल तर आपल्या नावासोबत वडिलांचं नाव, वाडी आणि पोस्टाचं गाव लिहा. शक्य असेल तर पोस्टमनला आधीच सांगून ठेवा की परदेशी दिसणारं एक लहान पाकीट येणार आहे. पाकीट इतकं साधं असतं की घरचे त्याला जाहिरातपत्र समजून रद्दीत टाकतात.

पैसे बँकेत कसे येतात?

शिल्लक १०० डॉलर झाली की. महिन्याची कमाई पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला पक्की होते आणि २१ ते २६ तारखेदरम्यान सुटते. शंभर झाले नाहीत तर रक्कम पुढच्या महिन्यात जमा धरली जाते.

खात्यात बँकेचा स्विफ्ट कोड, म्हणजे परदेशातून पैसे येताना बँक ओळखायचा कोड, द्यावा लागतो. आयएफएससी वेगळा, स्विफ्ट वेगळा. लहान शाखांना स्वतःचा स्विफ्ट कोड नसतो, तेव्हा शहरातल्या मुख्य शाखेचा चालतो का ते विचारून घ्या. माझ्या शाखेतल्या काउंटरवर 'हे नातेवाइकांनी पाठवलेत का?' असं विचारलं होतं. तेव्हा नीट सांगा: जाहिरात सेवेचं उत्पन्न आहे. बँक तोच हेतू नोंदवते, आणि परदेशी रक्कम आल्याचं प्रमाणपत्र मागून ठेवा. नाव पासबुकावर जसं आहे तसंच ॲडसेन्समध्ये हवं. लग्नानंतर नाव बदललेल्या मैत्रिणींनो, हे आधी तपासा.

कर भरावा लागतो का?

हे उत्पन्नच आहे, विवरणपत्रात दाखवायचं. आपल्याकडचे पैसे गूगलच्या सिंगापूरच्या कंपनीकडून येतात, म्हणून खात्यात तिथल्या कराचीही माहिती विचारतात. जीएसटीच्या नोंदणीची मर्यादा सेवांसाठी साधारणतः वार्षिक २० लाखांची आहे. तिथे पोचाल तेव्हा माझा ब्लॉग वाचायची गरज राहणार नाही. सीए गाठा.

महिन्याला किती मिळतात, खरं सांगा.

माझा आकडा सांगणार नाही, पण गणित सांगतो. समजा हजार पानं बघितली गेल्यावर एक डॉलर सुटला. रोज ३०० पानं बघितली गेली तर महिन्याला नऊ हजार, म्हणजे नऊ डॉलर. शंभर व्हायला अकरा महिन्यांहून जास्त लागतील. दर विषयावर, ऋतूवर आणि वाचक कुठे बसलाय यावर हलतो. कर्ज-विम्याच्या पानावर जाहिरातदार झुंजतात, अभंगाच्या पानावर नाही. दिवाळीच्या आधी बरं असतं, जानेवारीत उतरतं.

म्हणून ॲडसेन्सवरच सगळी मदार ठेवू नका. १९०९ मध्ये 'मनोरंजन'ने पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी अंक स्थानिक दुकानदारांच्या जाहिरातींवर चालत आलेत. तुमच्या तालुक्यातला होमस्टेवाला किंवा मसालेवाला वर्षाला ठरावीक रक्कम देऊन तुमच्या पानावर नाव लावायला तयार होऊ शकतो. फक्त ती जाहिरात आहे असं वाचकाला स्पष्ट दिसू द्या.

अण्णा रोज माझा ब्लॉग उघडतात आणि 'पोराला चार पैसे मिळू देत' म्हणून प्रत्येक जाहिरातीवर क्लिक करतात. काय करू?

आजच थांबवा. स्वतःच्या जाहिरातींवर क्लिक करणं, घरच्यांना करायला लावणं, व्हॉट्सॲप ग्रुपवर 'एक क्लिक करून सहकार्य करा' लिहिणं, सगळं नियमबाह्य आहे. अशा क्लिकांचे पैसे जाहिरातदाराला परत जातात आणि प्रमाण वाढलं तर खातं बंद होतं. बंद झालेलं खातं अपिलाने परत मिळेलच याचा भरवसा नाही.

माझ्या मावशीने आठवडाभर हेच केलं होतं. तिचा फोन आणि माझा लॅपटॉप एकाच वायफायवर. कळलं तेव्हा तारखा लिहून घेतल्या आणि असे क्लिक कळवण्यासाठी ॲडसेन्सचा जो फॉर्म आहे तो भरून टाकला. मावशीला समजावताना मात्र जास्त वेळ गेला, कारण 'मदत करू नकोस' हे तिला कोणी कधी सांगितलंच नव्हतं. शेवटी तिला वेगळं काम दिलं. ती आता पोस्ट चढवायच्या आधी वाचते आणि माझे ऱ्हस्व-दीर्घ काढून देते. अण्णांनाही तसंच काहीतरी द्या.